टगबोटीच्या खिडक्या

"अहो, पटकन चिकटेल असा ग्लू द्या ना! मघापासून उभी आहे मी."

मॉडेलच्या सामानाच्या दुकानात फळ्यांपाशी उभा असलेला निळ्या शर्टातला तो वळला. दोन्ही हातांत बाटल्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"काय चिकटवायचंय?"

"बोट. प्लास्टिकचं मॉडेल."

"मग पटकन कशाला?"

तिला रागच आला. औषधांच्या दुकानात दिवसभर लोकांना गोळ्या समजावणारी ती. आज काउंटरच्या अलीकडे उभं राहायची पाळी आली, तर हा उलटतपासणी घेतोय! तिनं पर्समधून एक डबी काढली. आत बोटीची केबिन होती, आणि केबिनच्या खिडक्यांवर दुधाळ पांढरा थर.

"झटपट ग्लू वापरलात," तो हळूच म्हणाला. "त्याची वाफ काचेवर बसते."

"बाबांना वाटतंय, त्यांच्यामुळेच झालं. 'माझ्याच्यानं आता काही होत नाही' म्हणाले, आणि खोका पलंगाखाली सारला."

बाबांचा सारा जन्म टगबोटीच्या इंजिनाशी गेला होता. मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणारी ती छोटी बोट. पक्षाघातानंतर उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या. म्हणून तिनं हौसेनं टगबोटच आणली होती.

त्यानं हातातल्या बाटल्या ठेवून दिल्या आणि एक ट्यूब उचलली.

"हे दाट सिमेंट. प्लास्टिकला किंचित विरघळवून जोडतं, पण सावकाश. तुकडा वाकडा बसला तरी सरळ करायला वेळ मिळतो. थरथरत्या हाताला घाई नको. हे दुसरं पातळ... तुकडे जुळवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा, आपोआप आत धावतं. धरायला मात्र दुसरं माणूस लागेल. खिडक्यांना साधा पांढरा गोंद. चुकलं तर ओल्या बोटानं पुसायचा. आणि ही केबिन ठेवा माझ्याकडे. पॉलिश करून देतो."

"दुकानात पॉलिशही करता?"

मागून कुणीतरी खो खो हसलं. "ताई, दुकान माझं आहे! हे गिऱ्हाईक. समोरचं चष्म्यांचं दुकान यांचं."

तिचे कान लाल झाले. "मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?" तो म्हणाला, आणि असा काही हसला की तिला धड रागावताही येईना.

रविवारी पत्ता शोधत तो केबिन घेऊन घरीच आला. खिडक्या लख्ख. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यानं समजूत घातली नाही की धीर दिला नाही. टेबलाशी बसला आणि बोटीच्या कडेचे टायर खुशाल भलत्याच जागी लावायला लागला. बाबांनी एकदा मान वळवली. पुन्हा वळवली. शेवटी राहवेना.

"अरे, अरे! तिथे कुठे लावतोयस? दे इकडे!"

ती स्वयंपाकघरात ओढणीनं डोळे पुसत हसत राहिली. किती दिवसांनी बाबा कुणावर तरी ओरडले होते!

मग रविवारच ठरून गेला. बाबा दाट सिमेंट लावायचे. पातळ सिमेंटच्या वेळी तुकडे तिनं धरायचे, ब्रश त्यानं टेकवायचा.

"हलू नका."

"मी कुठे हलतेय? तुमचाच हात कापतोय."

"छे! मी रोज चष्म्याचे स्क्रू बसवतो. हात कापत नाही माझा..." तो थांबला. "एरवी."

बाबा मन लावून नांगर घासत होते. निदान तसं दाखवत तरी होते.

सातव्या रविवारी बोट पूर्ण झाली. बाबांनी ती खिडकीत ठेवली, पुन्हा पुन्हा सरळ केली. त्यानं पिशवी उचलली. यायला आता काही निमित्त उरलं नव्हतं. ती जिन्यापर्यंत गेली.

"तुमचे आभार कसे मानू, कळत नाही. बाबा मला परत मिळाले..."

"उलट मीच मानायला हवेत," तो कठड्याकडे बघत म्हणाला. "आईवडील गेल्यावर मला कुणी 'अरे' म्हटलंच नव्हतं. सगळे 'अहो साहेब.' इथे आलो की रविवारभर शिव्या खातो. आठवडा छान जातो मग."

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं.

"मग..." ती म्हणाली, "पुढच्या रविवारी तू येशील?"

'तू'! त्यानं चमकून वर पाहिलं. ती मात्र आता नजर खाली घ्यायला तयार नव्हती.

"येईन," तो म्हणाला. "रविवारीच कशाला... तू म्हणशील तेव्हा."

पुढच्या रविवारी तो आला. हातात ना पिशवी, ना ब्रश.

"आज काय काम काढलंस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नुसताच आलोय."

आजवर तो 'काका' म्हणत आला होता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारात अवघडलेल्या लेकीकडे.

"मग उभा का?" ते म्हणाले. "घर आहे हे. बस."