उलट्या रात्रीची खोली

ही घटना खरी आहे. माझ्या बायकोच्या बाबतीत घडलेली. सुरुवातीचं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, पायातली चप्पलही न काढता. मधलं मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटचं मामांनी सांगितलं. माझ्या पदरचं यात काही नाही.

ती रात्र होती.

आणि बाहेर टळटळीत ऊन होतं.

सांगतो. ती ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथे पांढरे उंदीर पाळतात. उंदीर जागतो रात्री आणि माणसं कामाला येतात दिवसा. म्हणून त्या खोलीत रात्रच उलटी करून ठेवलेली. दिवसभर काळोख. एक मंद तांबडा दिवा तेवढा, तो उंदरांना दिसत नाही म्हणे. खिडकी नाही. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही.

काही ताप असे असतात की आईला थोडी कणकण येऊन जाते, पण त्याचा विषाणू पोटातल्या बाळाला गाठतो. बायकांवर प्रयोग करता येत नाहीत. मग गाभण उंदरिणींना तो विषाणू देतात आणि पिल्लांचं काय होतं ते बघतात. त्या उंदरिणींची खोली इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला होती, कडेकोट बंद. तिथे माझ्या बायकोने कधी पाऊलही टाकलं नाही. तिच्याकडे निरोगी उंदरिणी होत्या, तुलनेसाठी ठेवलेल्या. त्यांचं दाणापाणी बघायचं, भुसा बदलायचा.

उंदराचं पिल्लू रडतं. पण इतकं बारीक, की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. त्यासाठी एक हातात मावणारं यंत्र होतं. तो आवाज जाड करून ऐकवायचं. तिथे सगळे त्याला रेडिओ म्हणायचे.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मॅडमनी सगळ्या लेकुरवाळ्या उंदरिणी पिल्लांसकट वजनाला शेजारच्या खोलीत नेल्या होत्या. मागे राहिल्या त्या तरण्या, एकदाही न व्यालेल्या. खोलीत माझी बायको आणि पिंजरे धुणारे मामा. कुणाचे सख्खे मामा नव्हेत, पण सगळ्यांचेच. त्यांनी रेडिओत नवी बॅटरी घातली आणि बटण दाबलं.

चीं... चीं...

"घ्या! एखादं राहिलं बघ खाली पडून," मामा म्हणाले. "मॅडमना कळलं तर आपल्या दोघांना पिंजऱ्यात घालतील. मला वेगळा पिंजरा सांग बाई, तू फार बोलतेस."

"बोलतं कोण, मी?" म्हणत ती गुडघ्यांवर बसली.

फडताळांखाली पाहिलं. भुशाचं पोतं उपसलं. मोरीची जाळी उचलली.

काही नाही.

मामा रेडिओ घेऊन पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. आवाज बंद. दारापाशी गेले. बंद.

तिच्याजवळ आले...

चीं... चीं...

"तुझ्या खिशातबिशात नाही ना शिरलं?"

तिने ॲप्रनचे खिसे उलटे केले. मग ॲप्रनच काढून झटकला. मामांनी गंमत म्हणून रेडिओ तिच्या डोक्यापासून खाली आणला. खांद्यापाशी बारीक आवाज. कोपरापाशी मोठा.

पोटापाशी... कानठळ्या बसतील एवढा.

आणि तेव्हा तिचं लक्ष पिंजऱ्यांकडे गेलं.

सगळ्या उंदरिणी पुढे येऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडात कागदाची चिंधी. पिल्लांसाठी घरटं करताना धरतात तशी.

ती डावीकडे सरकली.

त्याही सरकल्या.

मामांनी रेडिओ बंद केला. तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, घरी जा तू. आणि... तपासून घे एकदा."

तपासलं. दिवस राहिले होते.

आम्ही खरं तर आशाच सोडली होती. मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. म्हटलं, "उंदरांना आधी कळलं आणि नवऱ्याला मागून! आपलंच बाळ रडत होतं की गं!"

ती हसली नाही.

"अहो, पिल्लू आईजवळ असलं की रडत नाही."

"म्हणजे?"

"आईच्या अंगाखाली ऊब असते. तिथे ते गप्प पडून असतं. घरट्याबाहेर एकटं पडलं, गार पडायला लागलं, की मग रडतं. आईने येऊन उचलावं म्हणून."

"अगं, मग हे तर तुझ्या पोटातच आहे. याहून जवळ कुठे असणार?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "मग ते रडत का होतं?"



तिने काम सोडलं. मॅडम भल्या बाई. त्यांनी स्वतः पुढे होऊन तिचं रक्त तपासून घेतलं. विषाणूचा मागमूस नव्हता. डॉक्टर प्रत्येक वेळी पडद्यावर बाळ दाखवायचे. "एकदम छान आहे," म्हणायचे.

ती मात्र ऐन उन्हाळ्यात पोटाला शाल गुंडाळून बसायची. पंखा लावू द्यायची नाही. "त्याला गार लागतंय," एवढंच म्हणायची. मी चिडायचो. आपल्याला घाम फुटलाय आणि हिचं काय चाललंय?

एकदा तिने माझा हात धरून पोटावर ठेवला.

पोट ऊन होतं. कुणाचंही असतं तसं.

पण एका जागी... बर्फ.

तळहाताएवढीच जागा. मी हात दाबला, तशी ती सरकली.

त्यानंतर मी पंख्याचं नाव काढलं नाही. गरम पाण्याची पिशवी मीच भरून द्यायचो.

सातवा महिना होता. सकाळी चहा घेताना ती कप खाली ठेवून म्हणाली, "आता रडत नाही तो."

"तुला ऐकू यायचं?"

"रोज."

"मग बरं झालं ना, शांत झाला."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"कुणी उचलायला आलं नाही, की पिल्लू रडायचं थांबतं हो. मग अंगात जीव उरत नाही."

तशीच रिक्षा केली. डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला...

मुलगा होता. कारण काही सापडलं नाही. तिचा रक्तस्राव थांबेना. ऊन उतरायच्या आत तीही गेली.

मी नर्सला म्हटलं, त्याला तिच्या कुशीत ठेवा. निदान आता तरी. दोघांना तसंच पोचवलं.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. माणसं जातात. मागे उरलेला जेवतो, झोपतो, कामावर जातो.

पण परवा मामा आले. म्हणाले, "सांगू की नको, कळत नाही."

"सांगा."

"त्या खोलीतल्या तेव्हाच्या उंदरिणी आता नाहीत. सगळ्या नव्या आहेत. पण ती गेली त्या दिवसापासून एक पिंजरा आहे, त्यातल्या सगळ्या एका कोपऱ्यात एकीवर एक चढून बसतात. पिल्लं उबवतात तशा. पिल्लू एकही नाही. पिंजरा बदलला, तरी तेच. मी त्यांना बाजूला करून मध्ये हात घातला..."

मामांनी तो हात पुढे करून दाखवला.

"एवढ्या जणींच्या अंगाखालची जागा, जावई. ऊन असायला हवी की नको?"

मी म्हटलं, "गार होती."

त्यांनी मान हलवली.

मी त्याला तिच्या कुशीत ठेवायला लावलं होतं. माझ्या या हातांनी तिचा हात त्याच्यावर ठेवला होता. तो गार आहे म्हणजे तिच्यापाशी नाही, मग ती कुठे आहे? आणि तो अजून तिथेच का?

मामा म्हणतात, एकदा येऊन जा. मीही रोज निघतो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत फिरतो.

बाप आहे मी त्याचा. जाऊन उचलून घ्यायला हवं.

पण उचलू कुठून?