देसिलच्या तीन फेऱ्या

महादेवाचा चांदीचा मुखवटा पहाटे गाभाऱ्यातून नाहीसा झाला आणि उजाडताच फौजदारांनी देऊळ झाडणाऱ्या आकारामला उचललं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच, एक आकारामकडं, दुसरी देवळाचे पंच दत्तोपंत यांच्या घरी.

इंग्रजीचे निवृत्त मास्तर दत्तोपंत धापा टाकत चौकीत पोचले. आकाराम भिंतीला टेकून बसला होता.

"मास्तर, म्या न्हाय घेतला. तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

मास्तर काय सांगणार? आकारामला गाठोडं घेऊन जाताना पाहणारा साक्षीदार त्यांचाच मुलगा होता, माधव. पहाटे आपण प्रदक्षिणा घालत असताना आकाराम दिसला, असं माधव म्हणाला होता. देवळाकडं न फिरकणारं पोरगं प्रदक्षिणा घालतंय, याचंच दत्तोपंतांना नवल वाटलं. फौजदारांना विचारून त्यांनी मुलाला समोर घेतलं.

"किती घातल्यास?"

"तीन. देऊळ उजव्या हाताला ठेवून."

"मधून परत फिरलास?"

"परत कशाला फिरू? पूर्ण गोल घातल्या, आण्णा."

दत्तोपंतांनी लगेच ओळखलं. हे शब्द त्यांचेच होते. गेल्याच आठवड्यात जेवताना ते रंगात येऊन सांगत होते, की 'देसिल' हा जुन्या स्कॉट बोलीतला शब्द तिथल्या केल्टिक लोकांच्या गेलिक भाषेतून आला. अर्थ, सूर्याच्या चालीनं उजवीकडून फिरणं. आजाऱ्याभोवती, विहिरीभोवती ती माणसं शुभ म्हणून तीन पूर्ण फेऱ्या घालत. त्यातला 'देस' आपल्या 'दक्षिण'चा नातलग; दोन्हींचा अर्थ उजवं आणि दक्षिण दिशाही. पोरगा प्रथमच कान देऊन ऐकतोय म्हणून बाप हुरळून गेला होता.

आकाराम त्यांच्याकडं बघत होता. गप्प बसावं, असं क्षणभर फार वाटलं त्यांना.

"फौजदारसाहेब, महादेवाला पूर्ण फेरी कुणी घालत नाही. गोमुखाचं पाणी ओलांडायचं नसतं. तिथवर जाऊन आल्या वाटेनं परतायचं. यानं प्रदक्षिणा घातलीच नाही. मी सांगितलेल्या स्कॉटलंडातल्या फेऱ्या यानं तुम्हाला सांगितल्या. आणि दुसरी किल्ली माझ्या घरात खुंटीला असते."

माधवची मान खाली गेली. नोकरी लावून देणाऱ्या साहेबाला पैसे चारायचे होते, एवढंच तो पुटपुटला. मुखवटा घरात माळ्यावर सरपणाखाली होता.

आकारामला सोडलं. तो मात्र दारातच घुटमळला.

"आण्णा, आईला काय सांगाल?" माधवनं विचारलं.

फौजदारांनी जबाबाचा कागद पुढं सरकवला आणि मुलाविरुद्धचा साक्षीदार म्हणून बापानं सही केली.