देवीलालकाकांच्या टाकीतली हवाचोरी

देवीलालकाकांनी पाइपचं तोंड ट्रॉलीच्या बसलेल्या टायरला लावलं, भोवती जमलेल्या माणसांकडे एकदा रुबाबात पाहिलं आणि खटका दाबला.

फुस्स.

एवढंच. म्हातारं कुत्रं झोपेत सुस्कारा टाकतं, तेवढाच आवाज. टायर होता तसाच बसून राहिला आणि त्याच्यावरची कापसाने शीग भरलेली ट्रॉली एका अंगाने कलून उभी राहिली.

"हवा संपली काय, देवीलाल?" नानाजींनी विचारलं. शेत त्यांचं, कापूस त्यांचा. सगळं गाव, आणि त्यांची नात निशिगंधासुद्धा, त्यांना नानाजीच म्हणायची.

"घरून भरून आणलती, नानाजी. काटा पुरा होता."

"मग रस्त्यात उतरून कुठं गेली म्हणायची? बाजाराले?"

वेचणीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "देवीलाल नाही हो, फुस्सलाल म्हना." मग तर सगळं शेतच हसलं.

पिकअपच्या खिडकीत बसलेली अंजू मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले होते.

अंजू आणि तिचा धाकटा भाऊ शाम दिवाळीच्या सुट्टीत पांढरकवड्याहून काकांच्या तांड्यावर आले, त्याच दिवशी काकांनी पिकअपला कॉम्प्रेसर बसवायला घेतला होता. शेताशेतांत ट्रॅक्टर आणि टायरच्या बैलबंड्या पंक्चर होऊन पडतात, आणि हवा भरायला थेट फुलसावंगीचा फाटा गाठावा लागतो. त्यापेक्षा हवाच घेऊन फिरायचं, असा काकांचा बेत. मोटर सीटमागे बसली, लांबुळकी लोखंडी टाकी मागच्या डाल्याखाली, म्हणजे माल भरायच्या हौद्याखाली, लटकली, स्टिअरिंगशेजारी बटण आलं आणि हवेचा काटा आला. मधल्या सगळ्या जोडांना पांढरी टेप गुंडाळून ते आवळले अंजूने. काकांची बोटं तिथे शिरत नव्हती, तिची शिरत होती. त्या दिवसापासून काका भेटेल त्याला सांगायचे, "जोड सारे आमच्या अंजूच्या हातचे."

तेच आता अंगावर आलं.

"पोराटोराच्या हातचं काम," एकजण म्हणाला. "जोड ढिले राह्यले असतीन."

अंजूने काकांकडे पाहिलं. काका आता काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. काका पाइप गुंडाळत राहिले. मग पाइपाकडेच बघत म्हणाले, "आज संध्याकाळी खोलून टाकतो सारं. ज्याच्याजवळून आणलं त्याले वापस."

"ते संध्याकाळचं संध्याकाळी," नानाजी म्हणाले. "आता काय? आभाळ पाहून राह्यला ना? हवा नाही भेटली तर सारा कापूस उतरवून चाक खोलावं लागन."

"मोटरचा फ्यूज उडला. घरी एक राह्यला, शेवटचा. टाकी भरून आलोच."

"ये. पण आज ये."

पिकअप निघणार तेवढ्यात निशिगंधा डाल्यावर चढायला लागली. "उतर, पोरी, पुढं बस," काका ओरडले, तशी ती शामला ढकलून पुढे येऊन बसली.

"तू कायले आली?" शाम कुरकुरला.

"चोर पकडाले. तिघं तरी पायजेत."

"कोन्ता चोर?"

"हवेचा. अंजूचे जोड पक्के आहेत, मी पाह्यलं ना. मग हवा चोरीलेच गेली असन."

अंजूने तिचा हात घट्ट धरला.

"चोर मले मालूम आहे," काका गुरगुरले. "तो फाट्यावरचा पंक्चरवाला प्रेमसिंग. माह्यामुळं त्याचं दुकान बसते. दरवेळी त्याच्या टपरीपाशी चहाले थांबतो, तेवढ्यात काढत असन हवा."

"आणि नेतो कशात, काका?" निशिगंधाने विचारलं. "थैलीत?"

रस्त्यात कोणी नसताना काकांनी जोरात हॉर्न वाजवला.

तांड्यावर पोचताच काकांनी शेवटचा फ्यूज बसवला. मोटर घरघरली, काटा हळूहळू चढून टोकाला टेकला. अंजूने बादलीत साबणाचा फेस केला होता. गाडीखाली, टाकीच्या अलीकडेच, उताणी पडून ती एकेका जोडाला फेस फासत गेली. जिथून हवा सुटेल तिथे बुडबुडे यायला हवेत. पहिला जोड. दुसरा. तिसरा फासताना तिने डोळेच मिटले.

"बुडबुडे आहेत काय?" तिने विचारलं.

"तुह्या नाकावर आहे एक," निशिगंधा म्हणाली. "जोडाले नाही. एकालेबी नाही."

अंजू तशीच मातीत पडून राहिली. जोड पक्केच होते. पण मग हवा जाते कुठे? काटा तर जागचा हललाही नव्हता.

"उभ्या गाडीत चोर येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे चालत्या गाडीत येते," शाम म्हणाला. "मोठा बहाद्दर आहे."

हे तो गमतीने बोलला, पण अंजू ताडकन उठून बसली आणि तिचं डोकं डाल्याला आपटलं.

"काका, मोटर बंद ठेवा, म्हणजे फ्यूज जाणार नाही. आणि हापशीपर्यंत एक चक्कर मारा. मी काटा पाहते. तुम्ही दोघं वाटेतल्या मोठ्या खड्ड्यापाशी बसून गाडीखाली पाहा."

"मी काय तुह्या हुकमाचा ड्रायव्हर आहो?" काका म्हणाले. पण बसले.

हापशीच्या वाटेवर तांड्यातला सर्वात नामांकित खड्डा होता. पिकअप त्यात उतरली, धडाड करून वर आली आणि अंजूच्या डोळ्यांसमोर काटा एक घर खाली बसला. पुढच्या खड्ड्यात आणखी एक. सपाट रस्त्यावर मात्र जागचा ढळेना.

मागून शाम बोंबलत आला. "अंजू, गाडी मुतली."

"शाम, नीट बोल."

"खरंच. येऊन पाह्य."

धुळीत, खड्ड्याच्या जरा पुढे, बोराएवढे ओले ठिपके पडले होते. निशिगंधाने बोट लावून वास घेतला. "डिझेल नाही. नुसतं पानी."

काका मान खाजवू लागले. "दाबलेल्या हवेतून पानी सुटते, ते टाकीच्या बुडाशी जमते. मिस्त्री म्हने, रोज सकाळी खालची कडी ओढून ते काढत जा."

"मग काढता?"

"...उद्यापासून काढणार होतो."

"म्हणजे पाणी कडीच्या वाटेनं पडलं," अंजू म्हणाली, "आणि हवाही तिथूनच गेली. पण कडी ओढतं कोण?"

तिघं एकदमच गाडीखाली, या वेळी थेट टाकीपाशी, शिरली. टाकीच्या पोटाखाली एक छोटा कॉक होता, कॉकला कडी होती, आणि कडीला काळ्या दोऱ्याने लटकलं होतं एक लिंबू, सात मिरच्या, बिब्बा, चिंध्यांची काळी बाहुली आणि सर्वांखाली घोड्याची चांगली जाडजूड नाल. शामने बाहुलीला बोटाने झोका दिला.

फुस्स.

दुसरा झोका. फुस्स.

"सापडला," शाम म्हणाला. "चोर नाही, चोरीण आहे."

बिजलीबाईकाकी हात पुसत बाहेर आल्या. "काहून माह्या बाहुलीले छळून राह्यले?"

"काकी, ही तुम्ही बांधली?"

"मंग कोण बांधन? एवढं नवं यंत्र. लोकायची नजर काय पुढच्या काचीले लागते? यंत्रालेच लागन ना. मी इचारलं तुह्या काकाले, कुठं बांधू. तर मनते, कडी दिसन तिथं बांध, मले झोप आली."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे पाहू लागले.

"तिचं वजन खड्ड्याखड्ड्यात कडी ओढते, काकी," अंजूने समजावलं. "तिकडून हवा जाते, इकडून मोटर भरत बसते. मोटर तापते, फ्यूज जाते. काढू काय हिले?"

"हात नको लावू, छोरी." काकींचा आवाज एकदम बदलला. "शनिवारची बांधली, शनिवारीच उतरते. आधी सोडली तर गाडीचं काही खरं नाही."

"आज तर गुरुवार आहे," शाम म्हणाला.

"आपण कापून टाकू ना, कोणाले समजते," निशिगंधा अंजूच्या कानात कुजबुजली. अंजूने नाही म्हणून मान हलवली. काकींच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. काका रस्त्यावर असताना त्या दिवसभर तीच घेऊन बसायच्या. पण तिकडे आभाळही खरंच काळवंडत होतं.

अंजूचं लक्ष ओसरीकडे गेलं. शेजारचं तान्हं बाळ तिथे साडीच्या झोळीत गाढ झोपलं होतं. झोळीत होतं म्हणून त्याचा भार कोणाच्याच हातावर नव्हता.

"काकी, सोडायची नाही," ती म्हणाली. "नुसती झोपवायची. तिच्यासाठी झोळी बांधू. दोरा कडीलाच राहील, पण भार झोळीवर."

काकींनी जरा विचार केला. मग आत गेल्या आणि आपल्या जुन्या, आरसे टाकलेल्या ओढणीचा तुकडा घेऊन आल्या.

"ह्यात निजव. आन गाठी मी मारन. तुह्या काकाले कडी दिसली की बांधा म्हनते."

गाडीखाली आडव्या होऊन काकींनी चाकापासून आणि तापणाऱ्या नळीपासून दूर, लोखंडी पट्टीला दोन पक्क्या गाठी मारल्या. लिंबू, मिरच्या, नाल आणि बाहुली झोळीत शिरली. दोरा ढिला पडला. काकींनी सवयीने झोळीला हलका झोका दिला.

सगळे कान देऊन राहिले. आवाज आला नाही.

टाकी पुन्हा भरून काका तिघांना घेऊन निघाले. नामांकित खड्डा आला, धडाड झालं. काटा हलला नाही. प्रेमसिंगच्या टपरीपाशी काका चहाला थांबले नाहीत, पण गाडी हळू करून उगाचच "राम राम, भाऊ" म्हणाले. गेले काही दिवस ज्याच्याकडे देवीलालने वाकड्या डोळ्यांनीच पाहिलं होतं, तो प्रेमसिंग हातात टायर धरून बघतच राहिला.

शेतात ट्रॉलीतला कापूस उतरवायला माणसं नुकतीच वर चढली होती.

"उतरा खाली," निशिगंधा खिडकीतून ओरडली. "हवा आली."

काकांनी पाइप सोडला. पण टायरपाशी जाऊन ते थांबले आणि त्यांनी पाइपचं तोंड अंजूच्या हातात दिलं. "जोड तुह्या हातचे आहेत. खटकाबी तूच दाब."

अंजूने दाबला. या वेळी म्हातारं कुत्रं नव्हतं. फुत्कारत हवा आत शिरली. टायर फुगला, ट्रॉली कण्हत सरळ झाली आणि शिगेवरचा थोडा कापूस घरंगळून नानाजींच्या फेट्यावर पडला. तो न झटकताच ते म्हणाले, "जोड ढिले कोण म्हनलं होतं रे? पुढं ये. या पोरीसमोर बोल."

कोणी पुढे आलं नाही. पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा ट्रॉली ताडपत्रीखाली जाऊन रस्त्याला लागली होती.

संध्याकाळी नानाजी स्वतः तांड्यावर आले. काकांनी पाना हातात घेतला होता, पण खोलायला नाही, सकाळी कडी ओढायची आठवण म्हणून तो दाराला टांगायला. नानाजींनी ओसरीवर बसून सगळी हकिकत ऐकली, दोनदा ऐकली, आणि म्हणाले, "हुशार निघाले पोट्टे. यंत्रबी राखलं आन बाईचा शब्दबी राखला. अंजू तर मिस्त्री आहे मिस्त्री."

काका बोलले ते त्यानंतर. "शेतात मी गप राह्यलो, बेटा. तसं नव्हतं पायजे."

अंजूने त्यांच्या हातातला पाना घेतला आणि दाराच्या खिळ्याला टांगला. तेवढ्यात एक-एक करत सगळा तांडा येऊन तिचं कौतुक करायला लागला. काकींच्या कपाळावर आठी पडली. त्या उठल्या, आत गेल्या आणि लिंबू, मिरच्या आणि काळा दोरा घेऊन बाहेर आल्या.

"एवढ्या लोकायची नजर. पोरीले लागल्याशिवाय राहीन काय?"

अंजूने झटकन दोन्ही कान झाकून घेतले.

"बांधा, काकी. फक्त माझ्या कानातल्या कडीला नको."