पाच प्रश्नांपुरती जाग

"ही पट्टी लावलेल्या माणसाला 'तू जागा आहेस का' असं कधीच विचारू नकोस," शाल्मलीताईंनी प्रयोगशाळेतच मला बजावलं होतं. "तो 'हो' म्हणेल. आणि खोटं बोलत नसेल."

नणंदेचा सल्ला. या कानाने ऐकला, त्या कानाने सोडला.

ताई मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी बनवलेली अंशनिद्रा पट्टी कपाळाला बांधली की मेंदू सगळा एकदम झोपत नाही, आळीपाळीने तुकड्यातुकड्याने झोपतो. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा निनाद, ती लावून नाशिक ते कन्याकुमारी सायकल शर्यत न झोपता मारणार होता.

"कुठला तुकडा झोपवायचा, हे कोण ठरवतं?" मी विचारलं. बायोमेडिकलची पदवी माझ्याकडेही आहे. तिथे चहा द्यायला गेले नव्हते.

"पट्टीच. जो भाग वापरात, तो जागा. जो वापरात नाही, त्याला झोपवायचं."

"म्हणजे पेडल मारणारा भाग…"

"कायम जागा. त्याच्या वाटची झोप दुसरा कुठला तरी भाग घेणार. आणि ऋजुता, जो भाग झोपतो त्याला आपण झोपलोय हे कळत नाही. ते बाहेरच्याच कुणीतरी बघावं लागतं."

"ताईंना तू जिंकलेला बघवणार नाही," घरी आल्यावर मी निनादला म्हणाले. तो हसला.

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांची एक रीत असते. दर थांब्यावर सोबत्याने पाच प्रश्न विचारायचे. नाव काय? आज वार कोणता? पुढचं गाव कुठलं? पाणी किती प्यालास? मुलाचं नाव काय? एक जरी चुकलं तरी खाली उतरवायचं. निनादने चार दिवसांत एकही उत्तर चुकवलं नाही.

मागच्या गाडीत मी, सात महिन्यांचा ओजस आणि गाडी चालवायला रऊफभाई. दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गच्या अलीकडे माझेच डोळे मिटायला लागले. जादाची पट्टी होती, लावली. रऊफभाईंना सांगितलं, मलाही तेच पाच प्रश्न विचारत जा.

सेलमच्या पुढे त्यांनी करकचून ब्रेक मारला. "भाभी, बाळ कधीचं रडतंय! ऐकू येत नाही का?"

मी वळून बघितलं. ओजस मोठी जांभई देत होता. माझा कुर्ता मात्र दुधाने भिजला होता.

"झोपेला आलाय तो. तुम्ही समोर बघा."

ते उतरले, दार उघडलं आणि ओजसला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"विचारा प्रश्न," मी तडकून म्हणाले.

त्यांनी विचारले. पाचही बरोबर.

"पाच प्रश्नांत सगळं येतं का भाभी?" एवढंच म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

कन्याकुमारीला निनाद पहिला आला. ताई तिथे थांबल्याच होत्या.

"मुलाचं नाव?" मी विचारलं.

"ओजस."

मी ओजसला त्याच्या हातात दिलं. त्याने त्याला कानाशी धरून हलवलं, बाटलीत पाणी किती उरलंय ते बघतात तसं, आणि गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवून दिलं. ओजसने तेवढ्यात आणखी एक जांभई दिली. ताईंनी झडप घालून त्याला उचललं.

"कळलं?" त्या माझ्यावर ओरडल्या. "तुम्ही दर थांब्यावर मुलाचं नाव विचारलंत. पट्टीने नाव तेवढं जागं ठेवलं. मूल कुणी विचारलंच नाही! आता नुसती पट्टी काढून भागायचं नाही, तीन दिवस सलग गाढ झोपवावं लागेल याला." मग आवाज खाली आला. "तू नाही ना लावलीस?"

एवढ्या लोकांत, त्यांच्यापुढे मान खाली घालायची?

"नाही."

रऊफभाई काही बोलायला पुढे झाले. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

निनाद तिकडे रुग्णालयात झोपलाय, ताई त्याच्यापाशी. काल मी ओजसला घेऊन घरी आले. पट्टी काढून टाकलीय. झोप येत नाही, थकल्यासारखंही वाटत नाही. माझं नाव ऋजुता. आज गुरुवार. पाणी दोन तांबे. पुढचं गाव नाही, घरीच आहे. मुलाचं नाव ओजस.

सकाळपासून तीन कुर्ते बदललेत. बाळ रडलं की पान्हा फुटतो. ते मेंदूच्या तळाशी ठरतं, तिथपर्यंत पट्टी पोचत नाही. तीन वेळा पान्हा फुटला. रडणं मी एकदाही ऐकलं नाही. त्याला घ्यायला म्हणून जाते, आणि पोट भरलंय, झोपेला आलाय, अशी खात्री पटून परत येते. शेवटचं कधी पाजलं, हा प्रश्न त्या पाचांत नव्हता.

आत्ताच बघून आले. पाळण्यात आहे. जांभया देतोय.

चौथा कुर्ता भिजलाय.

हे सायकलवाल्यांच्या गटावर टाकतेय. जे कुणी नाशकात असाल ते गंगापूर रोडला, पर्णिका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर या. दार उघडं ठेवलंय. मला काही विचारू नका, मी बरोबर उत्तर देईन. सरळ आत जा आणि ओजसला बघा.