चार अंशांचा चहा

मावशीच्या फळ्यांवर बारा केक होते. आठ गोल, तीन चौकोनी, आणि सर्वांत वरच्या फळीवर एक तीन मजली, कुणाच्या तरी लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मागवलेला. मोजपट्टी या टोपणनावाच्या मुलीने एकेका केकचं क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं.

बाराही आंबट!

“पुन्हा चाखून बघ,” तिचा मित्र ढोलक म्हणाला. “चुकून तसं लागलं असेल.”

“बारा वेळा चुकून?”

मावशी एका उलट्या पाटीवर मटकन बसली. “गेल्या शनिवारीही असंच झालं. तेव्हा वाटलं, माझाच हात बिघडला. पण आता? दुपारी तीन मजलीवाले येतील, त्यांना काय सांगू मी?”

ती ढोलकची मावशी. ढोलक, मोजपट्टी आणि मुंगी हे तिघं एकाच वर्गातले मित्र. दोन दिवस सुट्टी होती म्हणून आदल्या संध्याकाळी बसने तिच्याकडे आली होती. ढोलकचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. मोजपट्टीला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे. मुंगी तिघांत सगळ्यात लहानखुरी, आणि खाण्यात सगळ्यांच्या पुढे.

हे शहरच खाणाऱ्यांचं! इथली माणसं नाश्ता करताना जेवणाची चर्चा करत आणि जेवताना संध्याकाळच्या खाण्याची. गावाच्या मधोमध छपराखाली लांबलचक खाऊबाजार होता. सूप, नूडल्स, भाजलेली कणसं, फळांचे रस आणि मावशीचे केक. कुठल्या क्रमाने काय खायचं, हे ढोलकने बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

सगळ्या दुकानदारांची मिळून बाजाराच्या मागच्या बाजूला एक शीतखोली होती, म्हणजे आत चालत जाता येईल एवढा मोठा फ्रिज. मावशीचे केकही रात्रभर तिथेच असत. प्रत्येक दुकानदाराकडे तिची किल्ली असे. आत दाराशेजारी भिंतीवर घड्याळासारखा गोल थर्मामीटर टांगलेला होता. बाहेर पडताना जो तो त्याच्याकडे बघून ओरडायचा, “चार!” आणि रांगेतून सगळे दुकानदार उत्तर द्यायचे, “बरं!” म्हणजे आत चार अंश आहे, माल ठीक आहे. ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत.

“आपण शोधून काढू!” ढोलक म्हणाला. “कुणीतरी मुद्दाम नासवलेत केक!”

“अरे, हळू बोल!” मोजपट्टी म्हणाली.

“मी हळूच बोलतोय!”

नूडल्सवाल्याने मागे वळून पाहिलं.

पहिला सुगावा मुंगीने आणला. धापा टाकत आली. “ते शेजारचे चीजवाले आजोबा आहेत ना? ते शीतखोलीत जातात आणि आतून दार ओढून घेतात! किती वेळ बाहेरच येत नाहीत. स्वेटर घातलेला आणि मफलर असा नाकापर्यंत!”

“चेहरा लपवायला!” ढोलकचे डोळे चमकले.

दुसरा सुगावा मोजपट्टीचा. चीजच्या दुकानासमोर बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने ती वाकली आणि मांडणीखाली तिला मोठी बाटली दिसली. व्हिनेगर!

“क्रीम आंबट, व्हिनेगर आंबट!” ढोलकने तिच्या पाठीवर थाप मारली. “काय डोकं आहे गं तुझं! शोधलंस तू!”

मोजपट्टीला एक गोष्ट आठवली. सकाळी शीतखोलीत रसवाल्या ताईंच्या फळीवर दुधाच्या बाटल्या होत्या. सगळ्या सीलबंद, पण झाकणं फुगलेली. बंद बाटलीत व्हिनेगर कसं शिरेल? ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुंगी तिच्याभोवती उड्या मारायला लागली. “हुशार! हुशार!”

मोजपट्टीने तोंड मिटलं. हुशार म्हणवून घ्यायला फार छान वाटत होतं.

बाजार गजबजला तेव्हा ढोलक चीजच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला आणि छातीत हवा भरून ओरडला, “यांनीच माझ्या मावशीचे केक नासवले! हे शीतखोलीत दार लावून बसतात! यांच्याकडे व्हिनेगरची बाटली आहे!”

चमचे थांबले. गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. आजोबांच्या हातात चीज कापायची तार होती, ती तशीच अर्ध्यावर राहिली.

“बाळा,” ते म्हणाले, “व्हिनेगरशिवाय दूध फाडू कसं? त्याचंच तर चीज...”

“मग दार का लावता?”

आजोबा काही बोलणार, एवढ्यात गर्दीतून बाजाराचे व्यवस्थापक आले. हातात चहाचा पेला, खिशात तीन पेनं. “दोन शनिवार तक्रार येतेय. आज हाती लागलं म्हणायचं! आजोबा, शीतखोलीची किल्ली द्या इकडे. सोमवारी समितीपुढे ठेवतो. किल्ली गेली की गाळाही गेला, हे सांगून ठेवतो!”

आजोबांनी मावशीकडे पाहिलं. मावशी हातातलं फडकं घडी घालत राहिली. मग आजोबांनी मफलर सोडला, गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली मांडणीवर ठेवली. दोन गिऱ्हाइकं हातातलं चीज परत ठेवून निघून गेली.

“जिंकलो!” मुंगी म्हणाली खरी, पण तिचा आवाज शेवटी विरला.

ठरल्याप्रमाणे तिघं नूडल्स खायला बसली. वाफाळलेल्या वाट्या समोर आल्या. कुणी काटा उचलेना. समोरच्या रांगेत आजोबा रिकाम्या दुकानात बसले होते आणि तोच तो लाकडी पाट पुसत होते.

“मला एक सांगायचंय,” मोजपट्टी वाटीकडे बघत म्हणाली आणि तिने फुगलेल्या झाकणांबद्दल सांगून टाकलं.

ढोलकच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे तुला आधी माहीत होतं?”

“हो.”

“मी ओरडायच्या आधी?”

“हो रे.”

“अगं, मग मला थांबवायचं ना! मी एवढ्या लोकांसमोर...” पहिल्यांदाच त्याचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही गेला नाही. “आणि मी तरी कुठे थांबलो विचारायला? ते सांगत होते ना व्हिनेगरचं. ऐकलंच नाही मी.”

“उड्या मी मारल्या,” मुंगी म्हणाली आणि तिने वाटी पुढे सरकवली. मुंगीने वाटी सरकवलेली त्यांनी आजवर पाहिली नव्हती. “चला, माफी मागू या.”

“मागूच,” मोजपट्टी म्हणाली. “पण नुसत्या माफीने किल्ली परत मिळेल? व्यवस्थापक काका विचारतील, मग नासवलं कुणी? त्याचं उत्तर हवं आपल्याकडे.”

मावशीने काही न विचारता आपली किल्ली दिली. त्यांच्याकडे बघायचं तिने टाळलं.

शीतखोलीत दिवा लागला. थर्मामीटरचा काटा चारवर होता. मोजपट्टी फळ्या बघत होती, ढोलक तिच्या मागे मागे. मुंगी मध्येच थांबली.

“ए, मला थंडी का वाजत नाहीये?”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. बिनबाह्यांचा फ्रॉक, उघडे पाय, आणि अंगावर शहाऱ्याचं नाव नाही!

“चार अंशात तुझे दात वाजायला हवेत,” मोजपट्टी म्हणाली. “थांबा!”

मावशीकडे चॉकलेट वितळवताना वापरायचा काचेचा थर्मामीटर होता. मोजपट्टीने तो आणला, पण लगेच आत नेला नाही. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन आधी त्यात बुडवला. “वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य असतं. याने शून्य दाखवलं तर हा खरा.”

पारा शून्यावर येऊन थांबला. मग तिघं तो घेऊन आत गेली आणि दार लावून वाट बघत बसली. पारा चढत चढत चौदावर पोचला.

“चौदा! आणि भिंतीवर चार!”

“मग गार हवा जाते कुठे?” ढोलक म्हणाला.

खोलीच्या टोकाला सोड्याच्या बाटल्यांच्या पेट्या छतापर्यंत रचल्या होत्या. मुंगी आडवी होऊन पेट्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली. “आई गं!” आतून आवाज आला. “इथे पंखा आहे! सगळी थंडी इथेच कोंडलीय! बाटल्या कसल्या गार आहेत!”

“या पेट्या कुणाच्या?” त्यांनी बाहेर येऊन रसवाल्या ताईंना विचारलं.

“कुणाच्या म्हणजे? व्यवस्थापकांच्या. शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी गेल्या आठवड्यापासून दर शुक्रवारी संध्याकाळी रचून घेतात.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता मुद्दा असा होता, की हे सांगायचं कुठे? व्यवस्थापकांच्या खोलीत, गुपचूप? ते सोपं होतं.

“जिथे ओरडलो तिथेच,” ढोलक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

चीजच्या दुकानासमोर पुन्हा गर्दी जमली. व्यवस्थापक वैतागले. “अरे, थर्मामीटर आहे ना तिथे! चार दाखवतो! पंधरा वर्षं मी बघतोय. काटा काय खोटं बोलतो?”

“नाही काका, तसं नाही. तुम्हीच तो काढून आणाल का?” मोजपट्टीने विचारलं.

त्यांनी आणला. काटा चारवर. तिने त्याची मागची दांडी बर्फाच्या पेल्यात बुडवली. सगळे वाकून बघत राहिले. चार!

“बर्फ आहे तो, थोडंफार पुढेमागे व्हायचंच,” व्यवस्थापक म्हणाले.

“मग तुमचा चहा देता जरा?”

चहा नुकताच ओतलेला होता, वाफ निघत होती. दांडी आत गेली. काटा जागचा हलला नाही.

“चहा चार अंश!” मुंगी किंचाळली. “प्या काका, गारेगार आहे!”

नूडल्सवाला पोट धरून हसायला लागला. पण हसता हसता गप्प झाला. तोही रोज “चार!” ओरडणाऱ्यांतलाच होता. रसवाल्या ताईही पायाकडे बघायला लागल्या. काटा कधी अडकला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मोजपट्टीने पेट्यांचं आणि पंख्याचं सांगितलं. व्यवस्थापकांनी चहाचा पेला उगाचच या हातातून त्या हातात घेतला.

मग ढोलक पुढे झाला. सकाळी उभा होता त्याच जागी.

“आजोबांनी काहीही केलेलं नव्हतं!” तो शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. “मी न विचारता ओरडलो. चूक माझी आहे.” मग तो आजोबांकडे वळला. “माफ करा आजोबा.”

“मला शंका होती, तरी मी बोलले नाही,” मोजपट्टी म्हणाली. “हुशार म्हणत होते म्हणून.”

मुंगीने मान हलवली आणि नाक पुसलं.

व्यवस्थापकांनी किल्ली काढून आजोबांपुढे धरली. “चुकलंच माझं,” ते पुटपुटले. मग मुलांकडे वळून म्हणाले, “पण शाबास! पोरं आहात की शास्त्रज्ञ? बाजार वाचवलात! आइस्क्रीम माझ्याकडून!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिघांपैकी कुणीही मान वर केली नाही.

मावशी मांडणीला वळसा घालून आली. “मीही फडक्याच्या घड्या घालत उभी राहिले, भाऊ. इतक्या वर्षांची शेजारीण, एक शब्द बोलले नाही.”

“केक तुझे गेले होते. तू काय बोलणार!” आजोबा म्हणाले. मग ते मुलांकडे वळले. “उगाच खोटं नाही सांगत. फार लागलं मला. दुकान लावल्यापासून माझ्यासमोर गिऱ्हाइकाने चीज परत ठेवलं नव्हतं.”

“आम्ही काय करू आजोबा?” मुंगीने विचारलं.

“मला शंभरदा माफी नको. हात धुवा आधी. कोपरापर्यंत. चीज उलटायचं राहिलंय सगळं. रोज दार लावून आत तेच करतो मी. दार उघडं ठेवलं तर गारवा पळतो ना!” त्यांनी मफलर गुंडाळला. “आणि या स्वेटरापायी मलाही कळलं नाही, आत गारवाच नाही म्हणून. तेव्हा मीही काही फार शहाणा नाही.”

व्यवस्थापकांनी स्वतः पेट्या बाहेर वाहिल्या. तीन मजलीवाले आले, त्यांना मावशीने जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी बिनक्रीमचा केक चालेल म्हटलं आणि ती भट्टीपाशी गेली.

शीतखोलीत आजोबा एकेक चीज उचलून दाखवत होते: तळवा खाली, बोटं सैल, दाबायचं नाही. मुंगीने पुसायचं, ढोलकने उलटायचं, मोजपट्टीने फडकं बदलायचं. काही चीजांना घाम फुटला होता, ती आजोबांनी बाजूला काढली. पंखा घोंघावत होता. हळूहळू मुंगीचे दात वाजायला लागले. आजोबांनी मफलर काढून तिच्या गळ्यात टाकला आणि मोजपट्टीला म्हणाले, “बघ गं, किती झालं.”

मोजपट्टीने मधल्या फळीवर ठेवलेल्या मावशीच्या काचेच्या थर्मामीटरसमोर बसून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.

“साडेतीन अंश.”