हाताला लागलेलं झाड

डोळे मिटा बरं. गच्च मिटा, एक डोळा किलकिला ठेवणारे मला बरोबर ओळखू येतात. आता असं समजा, की तुम्ही किरनापुरजवळच्या एका शाळेमागच्या झाडीत उभे आहात. पायाखाली ओली पानं. रात्रीचा पाऊस फांद्यांवरून अजून टपटपतोय. आणि तुमच्या हाताला काहीतरी लागलं... काय असेल?

सहावीच्या आम्रपाली मॅडमवर एका शनिवारी नेमकी हीच वेळ आली.

खेळ महेंद्र सरांचा. दर शनिवारी ते बालाघाटहून मोटरसायकलवर यायचे, मुलांना झाडं, किडे, ओढा दाखवायला. जोडीदारानं आपले डोळे बांधून आपल्याला एका झाडाशी न्यायचं, आपण ते हातांनी चाचपायचं, आणि मग डोळे उघडून तेच झाड शोधायचं. नियम एकच – बोलायचं फक्त डोळे बांधलेल्यानं. पाहणाऱ्यांनी चूप.

सर मुंग्यांवर तासभर बोलत. मॅडमशी बोलायची वेळ आली, की मात्र "आज... दमट आहे" एवढंच.

इकडे मॅडमच्या आईनं, चंपाबाईंनी, सकाळीच बजावलं होतं, "उद्या गोंदियाचे पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. मनात कोणी असन तर आजच सांग. मंग मले बोल नको लावजो."

मनात कोणी होतं. पण त्यालाच बोलता येत नसेल, तर आईला सांगायचं काय?

अपेक्षा नावाच्या मुलीनं मॅडमचे डोळे बांधले आणि त्यांना साजाच्या झाडाकडे नेलं. सरांनी पाहिलं, तर खोडावरून लाल मुंग्यांची रांग चाललेली. ओरडावं, तर नियम आपलाच. सर धावले आणि खोडाला पाठ लावून मुकाट उभे राहिले.

मॅडमचे हात शर्टाच्या बाहीला लागले. तिथून मनगटापर्यंत आले... आणि थांबले. पण निघाले नाहीत.

"साल मऊ आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "खोड बारीक. खतपाणी कमी पडलं असावं."

मुलांनी तोंडं दाबून धरली. एक मुंगी सरांच्या कॉलरमध्ये शिरली.

"आणि झाड हलतंय... वारा तर नाहीये."

अपेक्षानं मॅडमना लांब नेऊन गोल फिरवलं, पट्टी सोडली. "आता शोधा, मॅडम."

साजाच्या खोडावर हात ठेवला असता, तर कोणी काही म्हटलं नसतं. सर तर केव्हाच बाजूच्या मोहाच्या झाडाआड जाऊन मान खाजवत होते. मॅडम साजाजवळ क्षणभर थांबल्या. मग पुढं गेल्या, आणि सरांच्या बाहीवर हात ठेवला.

"हे."

"मॅडम... नीट पाहून सांगा. चूक होऊ शकते."

"डोळे उघडे हायेत माझे. उद्या गोंदियाचे पाहुणे मले पाहाले येऊन राह्यले. तुमाले काही म्हणायचं हाय, का मुंग्यांचंच सांगता?"

"हाय ना." सरांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठं पळाली. "दर शनिवारी घरून ठरवूनच निघतो मी. इथं पोचलो का तुमाले पाहतो... आन् ओढ्यावरच बोलत बसतो. आज संध्याकाळी तुमच्या आईले भेटाले येऊ का?"

"हौ. ये... या. पण शर्ट झटकून या."

सगळा वर्ग डोळे फाडून पाहत होता. अपेक्षानं टाळी वाजवली. "चला बे, हापशीवर पाणी प्याले."

"मले तहान नाही लागली," अंकित म्हणाला.

"लागन. चाल."

तिनं सगळ्यांना रांगेत हापशीपाशी नेलं, झाडीकडे पाठ करून दांडा धरला आणि हापसू लागली. सगळ्यांचं पिऊन झालं. अंकितचं दोनदा झालं. तरी ती थांबली नाही. वाहून चाललेल्या पाण्याला तिनं पायाच्या अंगठ्यानं वाट करून दिली, ते कडेच्या रोपांकडे वळवलं, आणि काहीही घाई नसल्यासारखी हापसत राहिली.