रस्ता मोकळा का?

मी अकोल्याच्या जठारपेठेत खुर्चीवर बसून हिवरखेडच्या पुढच्या दगडखाणीतला डंपर हाकतो. समोर तीन पडदे, हातात स्टेअरिंग, पायाखाली ब्रेक. डंपर मात्र दीड तासाच्या वाटेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. उन्हानं दगड पोळलेला, दगडानं ऊन. त्यात ड्रायव्हर नसतो. खाणीत माणूस एकच, मोतीराम, रस्त्यावर नजर ठेवायला वॉकीटॉकी देऊन नेमलेला. पूर्वी तिथं त्याचंच वावर होतं, वारलेल्या आबांनी जन्मभर नांगरलेलं शेत.

"खुर्चीत बसून गाडी हाकता साहेब," तो म्हणायचा, "घाम कोनाले येते मंग? खुर्चीले?"

सोमवारी भर दुपारी दुसऱ्या वळणावर डंपर आपसूक थांबला. वाटेत माणूस दिसला की यंत्र त्याच्याभोवती लाल चौकट काढतं आणि थांबतं. चौकट होती. आत नुसता फुफाटा.

मोतीराम तिथं जाऊन उभा राहिला. त्याच्याभोवती दुसरी चौकट आली. पहिली हलली नाही.

"तुमच्या डाव्या हाताला कोण आहे?"

"कोनी नाई. माह्याच वावरात मले मानसं दाखवता काय?"

पण डावीकडं न बघताच तो माघारी फिरला.

वरून निरोप आला, यंत्राला भास होतोय. मोतीराम 'हो' म्हणाला की चौकटीवरून गाडी काढा. आत खरंच कोणी असलं, तर ते माझ्या हातून चिरडलं जाणार.

शुक्रवारी चौकट पुन्हा तिथंच. या वेळी चालत होती. सरळ पुढं जायची, वळायची, सरळ मागं यायची, नांगरामागं चालावं तशी.

"मोतीराम, रस्ता मोकळा का?"

"हो."

मी बटण दाबलं. डंपर हलला.

"हो. हो. होऽ, होऽ..."

शेजारच्या खुर्चीवर दुसरा डंपर चालवणाऱ्या बेबीताईचा चहा सांडला. ती धामणगावकडची, शेतकऱ्याच्या घरची.

"शेखर, थांबव. थो हो म्हनत नाई. बैल थांबवून राहिला."

मी अमरावतीत, शहरात वाढलेला. ब्रेकवर पाय पडेतो चौकट चाकाखाली गेली होती.

धूळ बसली. रस्ता रिकामा.

"मोतीराम?"

बऱ्याच वेळानं आवाज आला. "बोला. कॅबिनात जेवून राहिलो. सेट आत्ताच चार्जिंगवरून काढला."

"मग हो कोण म्हणालं?"

त्याच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं होतं; तिकडचं सगळं ऐकू येत होतं.

दार करकरलं. पावलं आत आली. एक पाय ओढत.

मोतीराम दबक्या आवाजात बोलू लागला, घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसा.

"मी नोतो हाकत, आबा. मी इथंच होतो."

मग नुसता जड श्वास, काही विचारल्यासारखा.

"थो अकोल्याले बसते. जठारपेठेत. दुसऱ्या माळ्यावर."